आधी तेरावा, मग दहावा

"विंडोजला शास्त्र कळत नाही," ते म्हणाले. "आधी तेरावा घालते, मग दहावा."

माझा नोकरीचा पहिला दिवस होता. शेजारच्या टेबलावरचे हे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कुणाच्या तरी मयताविषयी बोलताहेत, एवढंच मला कळलं. मी चेहरा जमेल तेवढा पाडला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, सर?"

"कोण जातंय? ओळ संपली," ते म्हणाले आणि त्यांनी स्क्रीनवर एका जागी बोट टेकवलं. "हे बघ. दिसतंय?"

बोटाखाली काहीच नव्हतं. ओळीतलं शेवटचं अक्षर होतं, त्याच्यापुढे मोकळी जागा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"नाही दिसत."

"नाहीच दिसणार," ते समाधानानं म्हणाले. "दिसलं असतं तर लोकांनी कधीच निस्तरलं असतं."

संध्याकाळपर्यंत मला कळलं की यांना ऑफिसात 'तेरा-दहा' म्हणतात. तोंडावर सर, पाठ वळली की तेरा-दहा. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. तक्रार होती ती फक्त मधल्या आडव्या रेघेबद्दल. तेरा आणि दहा यांच्यामध्ये काहीही येता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण ओळ कुठं संपली हेसुद्धा त्याला आकड्यानंच सांगावं लागतं, आणि तो आकडा कोणता यावर जगाचं अजून एकमत नाही. 1963 साली ठरलेल्या आस्की नावाच्या कोष्टकात 13 म्हणजे 'गाडी ओळीच्या सुरुवातीला न्या' आणि 10 म्हणजे 'कागद एक ओळ वर सरकवा'. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन्ही लिहिते, आधी 13, मग 10. लिनक्स नुसता 10 लिहितं. जुना मॅक नुसता 13 लिहायचा. आपण एंटर दाबतो आणि पुढं जातो, मागं काय सांडलं ते वळून बघत नाही. तेरा-दहा बघायचे.

माझ्या आजोळी एक वैद्य होते. ताप आला तरी पित्त, पाय मुरगळला तरी पित्त, म्हैस आटली तरी मालकाचं पित्त. तेरा-दहांचं तसंच. प्रोग्रॅम बंद पडला की यांचा प्रश्न तयार, "ओळींचे शेवट बघितलेस?" प्रिंटरमध्ये कागद अडकला, ओळींचे शेवट. पगाराची स्लिप उशिरा आली, ओळींचे शेवट. एकदा लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत आम्ही सात जण. अंधारात कुणीतरी रामरक्षा पुटपुटत होतं आणि कोपऱ्यातून शांत आवाज आला, "याची कॉन्फिग फाइल कुणीतरी नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलेली असणार." वीज गेली होती, एवढंच.

दहापैकी नऊ वेळा त्यांचं निदान चुकायचं. पण दहावी वेळ आली की बाकीचे सगळे विद्वान उताणे पडायचे आणि हे एकटे खुर्चीत ताठ बसलेले असायचे.

या सगळ्याचं मूळ कराडात होतं. दहावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी त्यांना एका कमर्शियल टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. तेव्हाच्या मध्यमवर्गीय बापांना मुलगा वाया जाऊ नये यासाठी दोनच उपाय माहीत होते, टायपिंग आणि शाखा किंवा सेवादल. (दुसऱ्या उपायात घराघरांत मतभेद असत, पहिल्यात नव्हते.) लांबलचक बाकांवर वीस यंत्रं, त्यांचा कडकडाट, समासाजवळ आलं की टिंग होणारी घंटी, आणि मागून फूटपट्टी घेऊन फिरणारे मास्तर. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही सरकारी परीक्षा हे पहिल्या फटक्यात पास. तिथंच त्यांना डाव्या हाताच्या त्या चकचकीत दांड्याचा नाद लागला.

"दांड्याला दोन कामं असतात लेका," ते मला सांगत. "ढकलायला लागलं की आधी रूळ एक दात फिरतो. कागद वर. मग तोच दांडा तसाच नेला की सबंध कॅरेज उजवीकडे जाते आणि तू ओळीच्या सुरुवातीला. म्हणजे आधी दहा, मग तेरा. टाइपरायटर शास्त्राला धरून होता."

मग शास्त्र कुणी मोडलं? हा प्रश्न मी विचारायला नको होता, पण कँटीनमध्ये चहा यायला वेळ होता. त्यांनी कँटीनच्या पोराला हाक मारली, त्याच्या हातात समोशांची बशी दिली आणि त्याला खिडकीपाशी उभं केलं. पोरगा म्हणजे छापणारी गाडी. काउंटर म्हणजे डावा समास. मला त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र धरायला लावलं. मी म्हणजे कागद सरकवणारा रूळ.

"आता हे टेलेटाइपचं मॉडेल 33," त्यांनी जाहीर केलं. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंट्सच्या बायका जेवायच्या थांबल्या. "1963 सालचं. तारेवरून अक्षरं येतात, सेकंदाला दहा. म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा हिस्सा. पण गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढ्यात पोचते का? ए, पळ!"

पोरगा पळाला. तो अर्ध्यात आला असताना तेरा-दहा ओरडले, "क!" पोरानं गोंधळून तिथल्या तिथं एक समोसा खाली ठेवला.

"बघितलंस? क कुठं छापला गेला? पानाच्या मधोमध. धावत्या गाडीनं. आता परत जा. या वेळी मी आधी तेरा म्हणेन, तू निघायचं. मग मी दहा म्हणेन, तेव्हा हा कागद सरकवेल. त्याचं काम चाललंय तोवर तू पोचशील. मग क."

दुसऱ्या वेळी समोसा बरोबर काउंटरवर पडला. मला मान्य करावं लागलं की एवढं स्वच्छ मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. गाडीला वेळ जास्त लागतो, म्हणून तिला आधी पिटाळायचं आणि ती धावत असताना कागद सरकवून घ्यायचा. शास्त्र मोडलं ते या सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी. पुढं टेलेटाइपं भंगारात गेली, गाडी गेली, रूळ गेला, कागदही गेला. तेरा आणि दहा राहिले. घरातला माणूस जाऊन तीस वर्षं झाली तरी त्याची काठी दाराआड असते, तसे.

यापुढची कथा ते भाऊबंदकीच्या चालीवर सांगायचे. युनिक्स हा बेल लॅब्जच्या घरातला, शिस्तीचा. त्याच्या आधीच्या मल्टिक्सनं ठरवलंच होतं की फाइलीत ओळीच्या शेवटी एकच खूण पुरे, दहा. कागदावर छापायची वेळ आली तर यंत्राला तेरा जोडून द्यायचं काम मधल्या ड्रायव्हरचं. युनिक्सनं तेच पुढं चालवलं. दुसरीकडे गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमनं दोन्ही आकडे फाइलीतच ठेवले. 1981 मध्ये आलेल्या डॉसनं तो वारसा जसाच्या तसा उचलला, आणि डॉसकडून तो विंडोजकडे आला. मॅकनं तिसरंच केलं, नुसता तेरा ठेवला. "का?" असं विचारलं की तेरा-दहा आकाशाकडे बघत. मॅकचं मात्र पुढं मनपरिवर्तन झालं. 2001 मध्ये ओएस टेन आली, ती युनिक्सच्याच पायावर उभी, आणि मॅकवाले चुपचाप दहावर आले. "धाकटा भाऊ शेवटी मधल्याच्या घरी राहायला गेला," असा समारोप करून ते चहाचा कप उलटा करत.

थोरल्यानं मात्र माघार घेतली नाही. आणि त्याच्या बाजूनं बोलायचं तर ईमेलच्या दारात आजही तेरा आणि दहा ही जोडी सक्तीची आहे. दोन्ही टोकांना लिनक्स असलं तरी पत्र तारेवरून जाताना प्रत्येक ओळीला तेरा-दहा लावूनच जातं. हे सांगताना तेरा-दहांचा चेहरा माहेरच्या श्रीमंतीबद्दल बोलणाऱ्या सुनेसारखा व्हायचा.

नोटपॅडचं वागणं मात्र त्यांनी कधी मनातून माफ केलं नाही. नुसता दहा असलेली फाइल उघडली की नोटपॅडला ओळ संपल्याचं कळायचंच नाही. सगळा मजकूर सलग, मोडीतल्या जुन्या कागदासारखा, कुठं तोडून वाचायचं ते वाचणाऱ्यानं बघावं. हे कितीतरी वर्षं चाललं. 2018 च्या मे महिन्यात एके सकाळी तेरा-दहा साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका घेऊन ऑफिसात शिरले. रिसेप्शनपासून वाटत आले. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आलेले सगळ्यांना माहीत होते.

"अभिनंदन सर! मुलगा की मुलगी?"

"नोटपॅड," ते म्हणाले. "दहा ओळखायला लागलं. मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय."

मुलगी दोन आठवड्यांनी बाळंत झाली. तेव्हा त्यांनी बर्फी आणली, तीही पाव किलो.

त्यांच्या मॉनिटरला एक चिठ्ठी चिकटवलेली असायची: 137 80 78 71 13 10 26 10. हाउसकीपिंगच्या पोरानं तो मटक्याचा आकडा समजून दोनदा लावला आणि दोनदा हरला. ती पीएनजी चित्राच्या फाइलीतली पहिली आठ बाइटं होती. त्यात तेरा-दहाची जोडी एकदा येते आणि सुटा दहा एकदा. चित्राच्या फाइलीत ओळी कुठून येणार? पण मधल्या एखाद्या शहाण्यानं चित्राला मजकूर समजून त्याच्या ओळींचे शेवट 'दुरुस्त' केले, तर ही आठ बाइटं बिघडतात आणि चोरी दारातच पकडली जाते. "याला म्हणतात माणसं ओळखणं," ते त्या चिठ्ठीकडे बघून म्हणायचे. घरी देवघरात गणपती होता, ऑफिसात ही चिठ्ठी.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तेरा आणि दहाची फारकत झाली की काय होतं, ते प्रत्यक्ष बघायला मिळालं. नुसता तेरा आला तर गाडी सुरुवातीला येते पण कागद हलत नाही. मग नवी ओळ जुन्या ओळीवरच छापली जाते. सर गोष्टी अशा सांगायचे. टायपिंगच्या मास्तरांची गोष्ट अर्ध्यावर आली की पुन्हा "तर काय झालं, कराडला आम्ही" असं पहिल्यापासून सुरू. त्याच गोष्टीवर कॉलेजच्या प्राचार्यांची गोष्ट चढायची. शेवटी फूटपट्टी प्राचार्यांच्या हातात आणि पदवीदान समारंभ टायपिंग क्लासात, असं काहीतरी काळंकुट्ट आपल्या पदरात पडायचं. काकूंचं नेमकं उलटं. त्यांच्यात नुसता दहा. कागद सरकतो, गाडी होती तिथंच राहते, पुढची ओळ मधूनच सुरू होते आणि पानावर जिना तयार होतो. मी चपला काढत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर येत काकू मला म्हणाल्या, "आणि तिची जाऊ तर त्याहून वरचढ."

ही माझी आणि काकूंची पहिली भेट.

"कुणाची, काकू?"

"मग त्यांनी फ्लॅटच विकला. पोहे घेशील ना?"

मी घाबरून सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "अगं, त्याला पहिल्यापासून सांग. आपल्या खालच्या मजल्यावरच्या..." आणि त्यांनी सुरुवात सांगितली, काकूंनी ती पुढं सरकवली, पुन्हा सरांनी सुरुवातीला आणली. पोहे संपेपर्यंत मला जाऊ, फ्लॅट आणि खालचा मजला हे सगळं नीट ओळीनं कळलं. दोघांपैकी एकटं कुणी सांगितलं असतं तर जन्मात कळलं नसतं.

आता त्या दहाव्या वेळेबद्दल. आमच्याकडे एका सहकारी साखर कारखान्याचं काम होतं. सभासदांच्या उसाची नोंद, गाववार बेरीज, त्यावरून तोडणीचं वेळापत्रक. यादीत शेवटचा रकाना गावाचा. पहिल्या वर्षी सगळं सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या शेती विभागानं नवीन सभासदांची यादी पाठवली, ती मी जुन्या यादीखाली जोडली आणि अहवाल काढला. अहवालात निम्मी गावं दोनदा. नांदगाव, चाळीस एकर. त्याखाली पुन्हा नांदगाव, अकरा एकर. स्पेलिंग तेच, काना तोच, अनुस्वार तोच. मी दोन्ही नांदगावं एकमेकांखाली ठेवून भिंगातून बघायची तेवढी बाकी ठेवली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुद्रुक आणि खुर्द! महाराष्ट्रात गावं जोडीनं येतात, क्लार्कनं बुद्रुक-खुर्द लिहायचा आळस केला असणार. मी कारखान्याला फोन लावला.

"न्हाई साहेब," क्लार्क म्हणाला. "आमच्यात नांदगाव एकच हाय. दुसरं तुमच्या पुण्यात असंल."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी मान खाली घालून शेजारच्या टेबलाकडे सरकलो. तेरा-दहा नेहमीची पद्धत सोडून काहीच बोलले नाहीत, "ओळींचे शेवट बघितलेस?" एवढंसुद्धा नाही. त्या दिवशी ते ज्या रीतीनं गप्प बसले, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. त्यांनी फाइल विम नावाच्या एडिटरमध्ये उघडली. जुन्या यादीतल्या ओळी स्वच्छ. नव्या यादीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी, गावाच्या नावाला चिकटून, डोक्यावर टोकदार टोपी घातलेला एक निळा एम. शेकडो एम, एकाखाली एक, वारीला निघाल्यासारखे.

"इंग्रजीत एम कितवा?" सरांनी विचारलं.

मी बोटं मोजली. तेरावा.

नवी यादी कारखान्याच्या विंडोजवर सेव्ह झालेली. आमचा प्रोग्रॅम लिनक्सवर, त्यानं ओळ तोडली ती दहापाशी. तेरा मागं राहिला आणि शेवटच्या रकान्यातल्या गावाच्या पाठीला बसला. दिसायला नांदगाव, मोजायला नांदगाव आणि एक बाइट.

"तू म्हणत होतास ते अगदीच खोटं नव्हतं," सर म्हणाले. "जे एका बाइटानं मोठं, ते बुद्रुक."

डॉस-टू-युनिक्स नावाच्या छोट्याशा आज्ञेनं सगळे टोपीवाले क्षणात घरी गेले आणि नांदगाव एकावन्न एकरांचं एक गाव झालं. क्लार्कला मी कारण सांगितलं नाही. सांगून तो काय म्हणाला असता, ते मला ऐकू येत होतं.

त्यानंतर मात्र सरांच्या मनानं घेतलं की एकेका फाइलीचा इलाज करत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या गावालाच लस टोचली पाहिजे. आमचा सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे कुणी काय बदललं त्याची नोंद ठेवणाऱ्या वहीत असायचा. कुणी विंडोजवर काम करी, कुणी मॅकवर, कुणी लिनक्सवर, आणि गिटची ओळींबद्दलची सेटिंग प्रत्येकाची वेगळी. एखादा एक शब्द बदलायचा, आणि त्याच्या एडिटरनं सगळ्या फाइलीचे शेवट बदललेले असायचे. तपासणाऱ्याला चार हजार ओळी लाल आणि त्याच चार हजार ओळी हिरव्या दिसायच्या. काय बदललं ते शोधायचं म्हणजे दोन जुळ्या भावांतला कुठला काल दाढी करून आला ते ओळखायचं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सगळी दुनिया फटाके उडवत असताना, तेरा-दहांनी ऑफिसात एकट्यानं बसून कोडाच्या साडेतीन लाख ओळींचे शेवट एका फटक्यात बदलले. सगळीकडे नुसता दहा. जोडीला 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' नावाची तीन ओळींची फाइल ठेवली. पहिल्या ओळीत हुकूम, सर्वांना दहा. दुसऱ्या ओळीत सवलत, विंडोजच्या बॅच फाइलींना तेरा-दहा, कारण त्यांना त्याशिवाय करमत नाही. तिसऱ्या ओळीत ताकीद, चित्रांना हात लावायचा नाही.

काम चोख झालं. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. कोडाची कुठलीही ओळ शेवटची कुणी बदलली, ते ती नावानिशी सांगते. थोडक्यात कोडाचा सातबारा. आणि दिवाळीतल्या त्या एका फेरफारानं साडेतीन लाख ओळींचा सातबारा तेरा-दहांच्या नावावर चढला होता.

भाऊबीज होते न होते तोच फोन सुरू झाले. व्याजाचा हिशोब चुकला, ब्लेम मारलं, तेरा-दहा. लॉगिन होत नाही, तेरा-दहा. रात्री साडेअकराला अमेरिकेतून कुणीतरी अतिशय नम्रपणे विचारायचं की तुम्ही चौदाशे बाराव्या ओळीत शून्यानं भागाकार का केलात. सरांनी आयुष्यात जावाची एक ओळ लिहिलेली नव्हती. दुसऱ्या कुणी सरळ सांगितलं असतं की बाबा, मी फक्त शेवट बदलला. हे तसं म्हणायचे नाहीत. "थांबा, बघतो," म्हणायचे, उठायचे, लॅपटॉप उघडायचे आणि ती ओळ, तिच्या वरची, खालची, सगळं वाचून काढायचे. मला तर वाटतं त्यांना ते मनातून गोड लागत होतं. इतकी वर्षं लोकांच्या मागं ओळींसाठी फिरणाऱ्या माणसाच्या मागं आता लोक ओळींसाठी फिरत होते. दीड वर्षात सगळ्या कोडाची खडान्‌खडा माहिती असलेला ऑफिसात एकच माणूस उरला. ज्यानं त्यातलं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, तो.

मग आमच्यात एक मुलगी आली, नांदेडची, बोलायला कमी आणि वाचायला फार. तिनं पहिल्याच महिन्यात शोधून काढलं की 2019 च्या गिट 2.23 पासून ब्लेमला सांगता येतं, अमुक एक फेरफार धरू नकोस. तिनं त्या दिवाळीतल्या फेरफाराचा चाळीस अक्षरी क्रमांक एका फाइलीत लिहिला, सेटिंग सर्वांना पाठवली. झालं. साडेतीन लाख ओळी आपापल्या मूळ मालकांकडे परत. बाई, तू केलंस ते योग्यच केलंस, पण एकदा विचारायचंस तरी.

फोन थांबले. दोन दिवसांनी सर माझ्या टेबलापाशी आले.

"तुझ्या मोबाइलला रेंज आहे का रे?"

"आहे की, सर."

"मलाच नाही वाटतं," ते म्हणाले. मी काही बोललो नाही. त्यांच्या मोबाइलवर रेंजच्या चारही काड्या मला दिसत होत्या. त्या संध्याकाळी मी ब्लेम मारून बघितलं. सगळ्या कोडात त्यांचं नाव एकाच फाइलीवर उरलं होतं. तीन ओळींच्या.

गेल्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. साहेबांनी भाषणात त्यांना 'बारकाव्यांचे बादशहा' म्हटलं आणि त्यांचं आडनाव चुकवलं. सरांनी उत्तरादाखल कराडपासून सुरुवात केली, मध्येच पुन्हा कराडला आले, तिसऱ्यांदा निघाले तेव्हा काकूंनी पहिल्या रांगेतून "आणि मग प्रमोशन मिळालं" असं म्हणून त्यांना एक ओळ पुढं सरकवलं. मग ते "येतो" म्हणाले. लिफ्टपर्यंत गेले, परत आले, मॉनिटरवरची चिठ्ठी काढून मला दिली, पुन्हा "येतो" म्हणाले, पुन्हा लिफ्टपाशी जाऊन काहीतरी आठवून वळले. हे चार वेळा झालं. लिफ्टवाला दार धरून उभा.

जाताना त्यांनी पुढं येणाऱ्या माणसासाठी एक टिपण करून ठेवलं होतं. कुठलं यंत्र कुठं, कुठली फाइल उघडताना काय सांभाळायचं, वगैरे. ते गिटमध्ये चढवायचं काम माझ्याकडे. रात्री घरी बसून मी ते चढवायला घेतलं, शेवटचा डिफ, म्हणजे काय बदललं त्याचा गोषवारा, बघितला आणि माझा हात थांबला. अगदी खाली गिटनं एक सूचना दिली होती. फाइलीच्या शेवटी नवी ओळ नाही.

म्हणजे सर शेवटची ओळ लिहून उठले होते आणि एंटर दाबायचं राहून गेलं होतं. युनिक्सच्या हिशोबात ज्या ओळीला शेवटी दहा नाही ती ओळच पूर्ण नाही. हे मला कुणी शिकवलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

पावणेबारा झाले होते. मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"सर, तुमच्या टिपणात शेवटी दहा नाहीये."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"शक्य नाही," ते म्हणाले.

"गिट सांगतंय."

मागून काकूंचा आवाज आला, "मग कुलूप लावायचं राहिलंच ना."

"मी लावतो एंटर, सर. एका सेकंदाचं काम," मी म्हणालो.

"हात लावू नकोस!" ते इतक्या जोरात ओरडले की माझ्या घरातले दोघं उठले. "ब्लेममध्ये तुझं नाव येईल."

सकाळी साडेनऊला ते खाली गेटवर हजर. इस्त्रीचा शर्ट, मिशा विंचरलेल्या, गळ्यात काही नाही, कारण ओळखपत्र आदल्या दिवशी जमा केलेलं. रखवालदारानं सलाम केला, पण रजिस्टर पुढं केलं. नियम म्हणजे नियम. सरांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली, कुणाला भेटायचं त्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि कामाचं स्वरूप या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एंटर'.

रखवालदारानं रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतलं, वाचलं आणि पेन परत त्यांच्या हातात दिलं.

"साहेब, एंटर तर सगळेच करतात. काम काय, ते लिहा."